वारुळाचा पाचवा नियम

साहेबांनी तिसऱ्यांदा मुंग्या नापास केल्या, तेव्हा ताईंचं डोकं फिरलं.

"ताई, राग मानू नका," साहेब म्हणाले. ज्या बोलण्याची सुरुवात अशी होते ते राग येण्यासारखंच असतं, हे ताईंना या वयात कुणी शिकवायची गरज नव्हती. "पण ही माणसंच आहेत हो. सहा पाय लावलेत, मिशा लावल्यात, आत मात्र माणूस बसलाय. राणी रुसते काय, सेनापती कट करतो काय, एक सैनिक तर घरच्या आठवणीने रडतो! मुंगी कधी रडते का, ताई?"

"तुम्ही विचारलंय का तिला?" ताई म्हणाल्या.

संगणकापुढे बसलेली मुलगी फिस्सकन हसली. साहेब हसले नाहीत.

संगणकावरचे खेळ बनवणारी ही एवढीशी कंपनी एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली यंत्रं सुरू झाली की वर फरशी पायाला गुदगुल्या केल्यासारखी थरथरे, कपातला चहा थरथरे आणि शाईचा वास जिना चढून वर येई. माणसं मोजून चार आणि ताई. साहेब, म्हणजे मालक, ताईंपेक्षा बरेच लहान. चित्रकार, ज्याला जाड चष्म्याशिवाय हातभरावरचं दिसायचं नाही. आवाजवाला, जो खेळातले सगळे आवाज तयार करी आणि त्यासाठी दिवसभर काही ना काही खरवडत बसलेला असे. आणि प्रोग्राम लिहिणारी मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, कारण तिची टकळी झोपेतही चालू असावी असा सगळ्यांचा संशय होता. ताई गोष्टी रचत. नवं जग उभं करायचं म्हणजे तिथे कोण राहतं, काय खातं, कुणाशी भांडतं, मेल्यावर त्यांचं काय करतात, हे सगळं ताईंनी ठरवायचं. मग बाकीचे कामाला लागत.

आताच्या खेळात डोंगराच्या पोटात बुद्धिमान कीटकांचं राज्य होतं. चित्रकाराचे पंख रंगवून तयार, आवाजवाल्याची कुरकुर तयार, आणि घोडं अडलं होतं ते ताईंपाशी.

"या वेळी नाही जमलं तर हे काम मी बाहेर देतो," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मग तुमचं... बघू."

ते 'बघू' ताईंच्या काळजात जाऊन बसलं. कंपनीत पहिली खुर्ची लागली ती त्यांची, खिडकीजवळची. इतकी वर्षं या चौघांचं पान त्यांच्याशिवाय हललं नव्हतं. ताईंना मोठेपणा नको होता, सत्कार नको होता. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, एवढं त्यांना हवं होतं. तेच आता 'बघू' वर आलं होतं.

घरी येऊन त्यांनी भांडी आदळली. सासूबाई असल्या संधीची वाटच बघत असत.

"मुंग्यांचं लिहायला एवढं काय लागतं म्हणते मी? आपल्या साखरेच्या डब्याशी बस थोडा वेळ. सगळं खानदान दिसेल. झाकण लावलं तर ना!"

"आई, झाकण तुम्हीच उघडं ठेवता."

"हो, आता माझंच नाव पुढे येणार. सूनबाई लेखिका, तिचं कसं चुकेल?"

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून तो घरी आला की कुणाकडेच बघत नसे. पण त्या दिवशी जेवता जेवता म्हणाला, "अगं, मुंग्यांना राणी असते म्हणतात, पण ती कुणाला हुकूम देत नाही. कुणीच कुणाला काही सांगत नाही, तरी कामं होतात. माझ्याकडे बघ. सांगून सांगून जीभ झिजली, तरी पोऱ्या काचा पुसत नाही."

ताईंचा घास हातातच राहिला. कुणीच कुणाला काही सांगत नाही! आपण तीन वेळा राणी बसवली आणि तीन वेळा तोंडावर आपटलो. राणीच नको. सेनापती नको, रडणारा सैनिक तर नकोच नको. नुसते नियम, तेही अगदी साधे. आणि सगळे नियम कुणालाच माहीत नकोत.

या कंपनीत एक पद्धत होती. कुठलंही जग संगणकात घालण्याआधी ते टेबलावर खेळून बघायचं. त्यासाठी शर्टाच्या बटणांनी भरलेला एक डबा होता. प्रत्येकाने मूठभर बटणं घ्यायची, ताई प्रत्येकाला नियमाची एक चिठ्ठी देणार, ती दुसऱ्याला दाखवायची नाही. खेळताना बोलायचं नाही. सगळे नियम फक्त ताईंना ठाऊक असत. त्या स्वतः खेळत नसत, टेबलाच्या टोकाशी उभ्या राहून बघत.

दुसऱ्या दिवशी ताईंनी चार चिठ्ठ्या वाटल्या.

चित्रकाराच्या चिठ्ठीत होतं: आत येईल त्याचं अर्धं करा, एक भाग ठेवा, दुसरा पुढे द्या. चिमणीच्या: ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याच्यापाशी थांबू नका. आवाजवाल्याच्या: शेजारचा वळेल तिकडे वळा. साहेबांच्या: जागा रिकामी झाली की भरून काढा.

टेबलाच्या मधोमध खडूने एक गोल काढला, ते वारूळ. बाहेर बिस्किटाचा चुरा ठेवला, तो दाणापाणी.

सुरुवातीला बटणं इकडेतिकडे भरकटली. चिमणीने बोलायला तोंड उघडलं आणि स्वतःच मिटलं. मग कधीतरी, म्हणजे नेमकं कधी ते ताईंच्याही लक्षात आलं नाही, बटणांची रांग लागली. चुरा आत येऊ लागला, अर्धा होऊ लागला, अर्ध्याचा पाव होऊ लागला. ताईंनी बोटाने मध्ये चार बटणं बाजूला सारली, तर रांगेने तो खड्डा भरून टाकला. रांग वळली, पांगली, पुन्हा जुळली. अंगावर काटा यावा इतकं ते जिवंत होतं, आणि त्यात माणसासारखं काही म्हणता काही नव्हतं.

"हे... हे कुणी ठरवलं?" शेवटी साहेबांनी विचारलं.

"कुणीच नाही," ताई म्हणाल्या.

"ताई, मानलं तुम्हाला. हेच हवं होतं मला!"

ताईंना आनंदाने रडू यायचं बाकी राहिलं. गंगेत घोडं न्हालं एकदाचं. सगळ्यांना गरम काहीतरी खायला घालावं म्हणून त्या खाली गेल्या आणि पुडे घेऊन वर आल्या, तर चौघं पुन्हा टेबलाशी बसून बटणं सरकवत होते.

"अरे, पुरे आता! पास झालो ना?"

कुणी मान वर केली नाही. चित्रकाराने हात पुढे करून पुडा घेतला, त्याचे दोन भाग केले, एक चिमणीकडे सरकवला. तिने त्यातला अर्धा आवाजवाल्याला दिला, त्याने साहेबांना. साहेबांच्या वाट्याला आलं ते चिमूटभर. त्यांनी ते चवीने खाल्लं. दुसरा पुडा ताईंनी स्वतःच्या हातात धरून ठेवला. अंगात आलंय यांच्या, म्हणून त्या हसल्या आणि घरी निघाल्या.

पुढे काही दिवस काम असं झालं की विचारू नका. एरवी एका पंखाच्या रंगावरून इथे महाभारत होई. आता कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. चित्रकाराचं चित्र पुरं होताच आवाजवाल्याचा आवाज तयार असे, तो संपला की चिमणीची बोटं चालू. भांडण नाही, चिडवाचिडवी नाही. पण ताईंना ते काही केल्या बरं वाटेना. चिमणीची टकळी थांबली होती, हे तर अभद्रच वाटत होतं.

"काय गं, घसा बसलाय का तुझा?"

"नाही ताई," चिमणी म्हणाली आणि ताईंचं पुढचं वाक्य अर्ध्यावर असताना त्यांच्याजवळून निघून गेली. रुसून नाही, घाईने नाही. खांबाजवळून जावं तशी.

एकदा ताई हात धुवायला गेल्या आणि परत आल्या तर त्यांच्या खिडकीजवळच्या खुर्चीत साहेब बसले होते. साहेबांच्या खुर्चीत आवाजवाला, आवाजवाल्याच्या खुर्चीत चिमणी.

"साहेब, ही माझी जागा."

"हो ना," साहेब प्रेमाने म्हणाले आणि बसून राहिले.

ताईंचा संताप झाला. त्या दिवसभर उभ्या राहिल्या, कुणीतरी साहेबांना उठा म्हणेल, आपल्याला बसा म्हणेल म्हणून. कुणी म्हणालं नाही. संध्याकाळी त्यांनी चित्रकाराला जिन्यात गाठलं. तो त्यातल्या त्यात जवळचा, त्यांची थट्टा करणारा, त्यांच्याशी कडाकडा भांडणारा.

"अरे, काय चाललंय हे? मी काय घोडं मारलंय तुमचं?"

त्याने वर बघितलं आणि ताई एक पायरी मागे सरकल्या. त्याच्या नाकावर चष्म्याचा डावा अर्धाच होता, दोऱ्याने कानाला बांधलेला. उजवी काच चिमणीच्या गळ्यात लटकताना त्यांनी दुपारी बघितली होती. माळ असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"काही नाही ताई," तो म्हणाला. "छान चाललंय."

अर्धं करायचा नियम फक्त त्याच्या चिठ्ठीत होता. आता मात्र चौघंही पेन्सिली मोडून देत होते, रुमाल फाडून देत होते. थांबू नका हा नियम फक्त चिमणीचा, आणि ताईंपाशी थांबत कुणीच नव्हतं. ताईंनी चौघांना शपथेवर विचारलं. कुणीच चिठ्ठी दाखवली नव्हती.

खेळाने माणसं झपाटतात, हे ताईंना धंद्यामुळे माहीत होतं. त्यामुळे त्यांनी स्वतःची समजूत काढली, की खेळ विकला जाईल, भूत उतरेल. घरी जाऊन सासूबाईंचे चार टोमणे ऐकावेत, म्हणजे बरं वाटेल.

सासूबाईंनी टोमणा मारला नाही.

साखरेचा डबा उघडा होता. ताईंनी मुद्दाम म्हटलं, "आई, झाकण कुणी उघडं टाकलं?" सासूबाई आणि त्यांचा मुलगा दिवाणावर शेजारी शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होते. पान मधोमध फाडलेलं होतं. एक भाग सासूबाईंच्या हातात, एक नवऱ्याच्या. दोघं एकाच वेळी खालच्या ओळीवर जात होते.

"अहो," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "मी घरात कधी नियमांचं बोलले होते का?"

नवऱ्याने त्यांच्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघतो तसं, तपासून बघितलं, आणि नजर काढून घेतली. जेवायला दोन ताटं मांडली होती.

चार शिव्या देणारी माणसं परवडतात, पण ही शांतता! त्या रात्री ताई उशीत तोंड खुपसून रडल्या. आणि रडता रडताच त्यांना कळलं. ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याच्यापाशी थांबू नका. चारही नियम आपण वाटून बसलो, जग उभं करून दिलं, आपल्यापाशी ठेवलं काय? काही नाही. यांचं काही चुकत नव्हतं. ही माणसं आपलेच शब्द पाळत होती.

मग त्यांनी देऊन बघितलं. बिस्किटं नेली, फळं नेली, स्वतःची शाल नेली. वस्तू हातात असेतो सगळे थांबत. चिमणी चक्क हसून जवळ येई, तिचा श्वास गालाला लागे. वस्तू अर्धी होऊन पुढे गेली की सगळे पुढे. घरीही तेच. नवऱ्याला नवा सदरा दिला तेव्हा त्याने ताईंच्या खांद्यावर हात ठेवला. सदऱ्याची एक बाही सासूबाईंच्या अंगात गेली, तसा हात निघाला. रोज किती देणार माणूस? आणि देऊन मिळवलेली जागा, तिला काय चाटायचंय?

ताई चिडल्या. अगदी मनापासून, पायाच्या नखापासून चिडल्या. नियम माझे आहेत, म्हणाल्या. चार मी लिहिले, पाचवाही मीच लिहीन.

सकाळी त्यांनी चिठ्ठी लिहिली: बाहेर कुणी एकटं राहिलेलं दिसलं, तर त्याला आत घ्या.

पुन्हा वाचली. सोपी होती, दयाळू होती. इतक्या वर्षांत आपण इतकं चांगलं वाक्य लिहिलं नाही, असंही त्यांना वाटून गेलं. नवा नियम घातला की तो जुन्यांशी ताडून बघायचा, ही त्यांचीच शिकवण. चिमणी नवी होती तेव्हा याच चुकीवरून त्यांनी तिला रडवलं होतं. पण आज ताडून बघायला धीर कुणाला होता?

चौघं टेबलाशी होते. बटणांना आता वारूळ म्हणवत नव्हतं. खडूचा गोल पुसून गेला होता आणि बटणं टेबलाच्या कडेवरून खाली उतरून भिंतीपर्यंत गेली होती.

ताईंनी चिठ्ठी चित्रकारापुढे ठेवली.

त्याने ती फाडली. अर्धी चिमणीला दिली, तिने अर्ध्याची अर्धी केली. साहेबांच्या हातात गेला तो एक अक्षरही मावणार नाही एवढा कपटा. सबंध वाक्य कुणीच वाचलं नाही.

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे गाढवांनो, वाचा तरी!"

चौघांनी मान वर केली. एकदम.

"ताई," साहेब म्हणाले, "तुम्ही बाहेर का उभ्या?"

"ताई, ये ना गं," चिमणी म्हणाली. तिचा जुना, चिवचिवता आवाज.

ताईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. आवाजवाल्याने खुर्ची सरकवली, मधली. त्यांना हाताला धरून बसवलं. चौघं चहूबाजूंनी जवळ आले. कुणी केस सारखे केले, कुणी पाठीवर हात ठेवला. त्या हातांना ऊब होती. इतक्या दिवसांत कुणी त्यांना असा हात लावला नव्हता.

दार वाजलं नाही, उघडलं. नवरा आणि सासूबाई आत आले. त्यांना इथला पत्ता ठाऊक होता, पण ते कधी आले नव्हते. दोघांनी चपला काढल्या, बाजूला ठेवल्या आणि जागा बघून उभे राहिले.

"आलात?" ताई हसत, नाक पुसत म्हणाल्या. "बघा, घेतलं मला आत."

"हो, आत आलीस," नवरा म्हणाला.

खाली यंत्रं थांबली होती. फरशी निश्चल होती. जिन्यावर पावलं वाजत होती, सावकाश, पुष्कळ.

आत.

ताईंचं हसू ओठावरच राहिलं. पहिली चिठ्ठी त्यांना शब्दन्‌शब्द पाठ होती. आत येईल त्याचं.

त्यांनी उठायचा प्रयत्न केला. हात प्रेमळच होते, पण सुटत नव्हते.

"ताई," चित्रकार त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. अर्धा चष्मा त्याने नीट केला आणि अदबीने विचारलं, "तुम्ही उजव्या हाताने लिहिता ना?"

त्याने त्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मनगटापासून खांद्यापर्यंत बोट फिरवत मध्य शोधला.

सासूबाई पदर खोचून पुढे झाल्या.

"सगळं घेऊ नकोस रे," त्या म्हणाल्या. "जिन्यात अजून माणसं उभी आहेत."